बीएमडब्ल्यू एम-३ (ई-४६) साठी स्टॉपटेक एसटी-४० ब्रेक संच : चार हंगामांच्या वापरानंतरचे परीक्षण

स्टॉपटेक कंपनीचा एसटी-४० हा पुढच्या ब्रेकचा संच माझ्या २००४ सालच्या बीएमडब्ल्यू एम-३ गाडीला बसवून आता चार हंगाम पूर्ण झाले आहेत. या काळात ही गाडी न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन आणि न्यू जर्सीतील मिलव्हिल येथील थंडरबोल्ट या दोन ट्रॅकवर मिळून सव्वीस दिवस धावली आणि उरलेला वेळ न्यू जर्सीच्या रस्त्यांवर बेताने चालली. एवढ्या वापरानंतर संचाविषयी ठामपणे काही म्हणता येईल असे मला वाटते. मात्र तो कसा आहे हे सांगण्याआधी तो कोणत्या दुखण्यावरचा इलाज आहे हे सांगणे भाग आहे, कारण माझ्या ओळखीच्या अनेक मंडळींनी ते दुखणे नसतानाच हे औषध घेतलेले मी पाहिले आहे.

ई-४६ पिढीची एम-३ अमेरिकेत २००१ ते २००६ या मॉडेल वर्षांत विकली गेली. ३.२ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, अमेरिकी आवृत्तीत ३३३ अश्वशक्ती आणि दीड टनाहून थोडे अधिक वजन असा तिचा साधारण हिशेब आहे. अशा गाडीला कारखान्यातून पुढे एकाच पिस्टनचे सरकते कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरणारा भाग) आणि ३२५ मिलिमीटर व्यासाची डिस्क मिळते. मागची डिस्क ३२८ मिलिमीटरची, म्हणजे व्यासाने पुढच्यापेक्षाही किंचित मोठी, पण जाडीने बरीच कमी आहे. नंतर कॉम्पिटिशन पॅकेज घेणाऱ्या ग्राहकांना कंपनीने पुढच्या चाकांना ३४५ मिलिमीटरची डिस्क दिली, तरी कॅलिपर एकाच पिस्टनचा ठेवला. इतक्या आवेगाच्या इंजिनासमोर हे ब्रेक साधे वाटतात, आणि ‘एम-३चा कमकुवत दुवा म्हणजे ब्रेक’ हे वाक्य या गाडीच्या मालकांमध्ये सतत ऐकू येते.

ते वाक्य अर्धेच खरे आहे. रस्त्यावर या मूळ ब्रेकमध्ये काहीही कमी नाही. शंभर किलोमीटर वेगावर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला की चारही चाकांवर एबीएस, म्हणजे चाके अडू न देणारी यंत्रणा, काम करू लागते, आणि एकदा एबीएस कामाला लागले की गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते, कॅलिपरमधल्या पिस्टनची संख्या नव्हे. सहा पिस्टनचे लालभडक कॅलिपर लावून तेच जुने कडक झालेले टायर ठेवले, तर पहिल्या खेपेला गाडी पूर्वीइतक्याच अंतरात थांबेल. थांबण्याचे अंतर कमी करायचे असेल, तर आधी चांगले टायर घ्यावेत.

मोठ्या ब्रेकची गरज पडते ती उष्णतेमुळे. वॉटकिन्स ग्लेनचा मोठा ट्रॅक सुमारे साडेपाच किलोमीटरचा आणि अकरा वळणांचा आहे. चढावरची नागमोडी वळणे पार केली की मागची लांब सरळ वाट लागते आणि तिच्या टोकाला ‘बस स्टॉप’ नावाने ओळखले जाणारे उजवे-डावे वळण येते. माझी गाडी तिथे ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पोहोचते आणि वळणात शिरण्यापूर्वी तिला सुमारे १२० पर्यंत आणावे लागते. चालकासह वजन १,६०० किलो धरले, तर या एका ब्रेकमध्ये सुमारे १६ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. स्वयंपाकघरातल्या मापाने सांगायचे, तर साडेचार लिटरहून अधिक गार पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे, आणि ती सुमारे अडीच सेकंदांत निर्माण होते. तिचा सत्तर टक्के भाग पुढच्या दोन डिस्कवर येतो असे मानले आणि प्रत्येक डिस्कमध्ये नऊ किलो लोखंड तापते असे धरले, तर त्या एका वळणाआधी डिस्कचे तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास वाढते. ती पूर्ण निवण्याआधी पुढचे वळण येते, मग त्याच्या पुढचे. आणि ही परीक्षा वीस-पंचवीस मिनिटे चालते.

महाराष्ट्रात घाट उतरलेल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. खंबाटकीच्या किंवा कशेडीच्या उतारावर भरलेल्या ट्रकच्या मागे गाडी असली की तापलेल्या लायनिंगचा तो जळका वास काचा बंद असल्या तरी आत येतो, आणि म्हणूनच जाणता चालक ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरवतो. ट्रॅकवरच्या गाडीला ही सवलत नसते. तिथे वेग फक्त ब्रेकनेच आणि फार थोड्या वेळात कमी करायचा असतो.

हे मला माझ्या तिसऱ्याच ट्रॅक-दिवशी कळले. सत्राच्या पाचव्या फेरीत बस स्टॉपपाशी मी ब्रेक दाबला आणि पेडल जवळजवळ तळापर्यंत गेले. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी शांत आवाजात “पुन्हा दाबा, पुन्हा पुन्हा दाबा” असे सांगितले. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर थोडा दाब परत आला. पण वळण घेण्याइतका वेग कमी झाला नव्हता, म्हणून गाडी सरळ पुढच्या मोकळ्या डांबरी जागेत नेऊन थांबवली. गाडीला किंवा कोणाला काही झाले नाही. कारण साधे होते : कॅलिपरमधले ब्रेक ऑइल उकळले होते. ते दोन वर्षे बदललेले नव्हते, आणि तो हलगर्जीपणा सर्वस्वी माझा होता.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि जितका ओलावा अधिक तितका त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट-४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक ओलावा शोषल्यानंतर तो १५५ पर्यंत खाली आला तरी ते ऑइल मानकात बसते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून पायाखालचे पेडल जमिनीला टेकते आणि चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही. पॅड तापून निकामी होणे हा याहून वेगळा प्रकार आहे. त्यात पेडल दगडासारखे कडक राहते, पण गाडी मात्र मंदावत नाही. या दोहोंतला फरक प्रत्येक चालकाने पायाने ओळखायला शिकले पाहिजे, कारण दोन्ही दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांचे खर्चही वेगळे आहेत.

त्या प्रसंगानंतर मी लगेच मोठा संच घेतला नाही, आणि हा निर्णय योग्य होता असे आजही मला वाटते. पहिली गोष्ट म्हणजे ऑइल बदलले. मोटूल आरबीएफ-६००चा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. कॅस्ट्रॉल एसआरएफ त्याहून बरेच महाग आहे, पण ओलावा शोषल्यानंतरही त्याचा उत्कलनबिंदू २७० अंशांच्या आसपास राहतो आणि हाच त्याचा खरा गुण आहे. वर्षातून दोनदा ऑइल बदलण्याची तयारी असेल, तर मोटूल पुरते. माझ्यासारखी नोकरी सांभाळून हे करणाऱ्या माणसाला एसआरएफचे जादा पैसे परवडतात, कारण हंगामाच्या मध्यावर संपूर्ण ऑइल बदलण्याऐवजी कॅलिपरमधले थोडे काढून हवा नाही ना हे पाहिले तरी चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे पॅड. मूळ पॅड रस्त्यासाठी बनवलेले असतात. ते थंडीतल्या पहिल्या ब्रेकलाही पकड देतात, आवाज करत नाहीत आणि ट्रॅकवर सहाव्या फेरीला विरघळल्यासारखे होतात. त्यांच्या जागी ट्रॅकसाठी पगिड आरएस-२९ आणि रस्त्यासाठी फेरोडो डीएस-२५०० अशी मी विभागणी केली. तिसरी गोष्ट अगदी स्वस्त, पण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सरकत्या कॅलिपरच्या मार्गदर्शक पिनांभोवती कारखान्यातून रबरी बुश असतात. जोरात ब्रेक लावला की रबर दबते, कॅलिपर किंचित तिरपा होतो आणि पॅड एका टोकाला जास्त झिजतो. त्या जागी पितळी बुश बसवले की पेडल लक्षात येण्याइतके घट्ट होते आणि पॅडही सारखा झिजतो. हे बुश घरच्या गॅरेजमध्ये एका दुपारी बसतात. शेवटी पुढच्या बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत तीन इंची नळीने हवा नेली. ही हवा डिस्कच्या पृष्ठभागावर नव्हे, तर मध्यभागी सोडली पाहिजे. तिथून ती डिस्कच्या दोन पृष्ठभागांमधल्या पोकळीतल्या पात्यांतून बाहेर फेकली जाते आणि डिस्क दोन्ही बाजूंनी सारखी निवते.

एवढे केल्यावर मूळ कॅलिपर आणि मूळ डिस्क यांवर मी दीड हंगाम काढला आणि पेडल पुन्हा कधीही खाली गेले नाही. वर्षातून दोन-तीन दिवस ट्रॅकवर जाणाऱ्या चालकाने इथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या सगळ्याचा खर्च मोठ्या संचाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही.

मग मी पुढे का गेले? मी वेगवान झाले आणि त्यासोबत आकडे वाढले. डिस्कच्या कडेला लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात. हिरवा रंग ४३० अंशांना, नारिंगी ५६० अंशांना आणि लाल ६१० अंशांना आपला रंग बदलतो. वॉटकिन्स ग्लेनला एका उन्हाळी दिवसानंतर माझ्या मूळ डिस्कवरचा हिरवा आणि नारिंगी रंग पूर्ण गेलेला होता आणि लालही कडेने पांढुरका पडू लागला होता. पॅडचा एक जोड तीन दिवसांत संपू लागला. डिस्कवर केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या. अशा भेगा ट्रॅकवरच्या डिस्कला होतातच, पण त्या कडेपर्यंत पोहोचल्या की डिस्क काढून टाकावी लागते, आणि मी एका हंगामात दुसरा जोड काढून टाकला. लोखंड पुरत नव्हते, एवढाच याचा अर्थ. उष्णता साठवायला अधिक लोखंड आणि ती बाहेर टाकायला अधिक चांगल्या पात्या हव्या होत्या, आणि मोठा संच घेण्याचे मला पटलेले हे एकमेव कारण आहे.

एसटी-४० संचात चार पिस्टनचे दोन स्थिर ॲल्युमिनियमचे कॅलिपर, ३५५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३२ मिलिमीटर जाडीच्या दोन तुकड्यांच्या डिस्क, कॅलिपर बसवण्याचे ब्रॅकेट, स्टीलच्या जाळीने वेढलेल्या नळ्या आणि पॅड एवढे साहित्य येते. दोन तुकड्यांची डिस्क म्हणजे बाहेरची लोखंडी कडी वेगळी आणि मधली ॲल्युमिनियमची वाटी वेगळी. दोन्ही बोल्टने जोडलेल्या असतात. कडी तापून फुगते तेव्हा तिला सरकायला थोडी जागा मिळते, त्यामुळे ती वाकडी होत नाही. शिवाय कडी झिजली की फक्त तेवढीच बदलता येते. आतल्या पात्या वक्र आहेत, म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूच्या डिस्क वेगळ्या आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवावा, त्याची कथा पुढे येणार आहे.

हा संच निवडण्यामागे माझे मुख्य कारण मात्र डिस्कचा आकार नव्हते, तर पिस्टनचा आकार होते. पुढचे ब्रेक बदलून मागचे तसेच ठेवायचे, तर पुढच्या ब्रेकचा एकूण जोर मूळच्या जवळपासच राहिला पाहिजे. बाजारातले अनेक दिखाऊ संच इथे चुकतात. मोठी डिस्क म्हणजे लांब तरफ. तिच्यावर पिस्टनही मोठे दिले की पुढचा जोर इतका वाढतो की पुढची चाके लवकर अडू लागतात, एबीएस अकाली जागे होते, मागचे ब्रेक जवळजवळ बिनकामाचे राहतात आणि एवढा पैसा ओतून गाडी पूर्वीपेक्षा जास्त अंतरात थांबते. उदाहरणादाखल एक हिशेब मांडते. एका सरकत्या कॅलिपरचा पिस्टन ६० मिलिमीटरचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,८२७ चौरस मिलिमीटर होते. त्याऐवजी स्थिर कॅलिपरमध्ये प्रत्येक बाजूला ३८ आणि ४२ मिलिमीटरचे दोन पिस्टन दिले, तर एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे २,५१९ भरते, म्हणजे अकरा टक्क्यांनी कमी. मोठ्या डिस्कमुळे तरफ साधारण नऊ टक्क्यांनी वाढली, तर गुणाकार मूळच्या ९७ टक्क्यांच्या आसपास येतो. पुढचा-मागचा तोल जवळपास तसाच राहतो आणि लोखंड मात्र वाढते. स्टॉपटेकने या जुळवणीकडे पहिल्यापासून लक्ष दिले आहे. एकच कॅलिपर वेगवेगळ्या गाड्यांसाठी वेगवेगळ्या मापाच्या पिस्टनसह ते देतात. कोणताही संच घेण्याआधी विक्रेत्याला पिस्टनचे माप विचारावे आणि त्याला ते सांगता आले नाही, तर दुसरा विक्रेता पाहावा.

चाकात संच मावतो की नाही हे पैसे देण्याआधी तपासावे. कॅलिपरच्या आकाराचा कागदी साचा मिळतो. तो छापून पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि चाक काढून आतून फिरवून पाहायचा. व्यासाची अडचण १८ इंची चाकात आली नाही, पण कॅलिपरची बाहेरची कड आणि चाकाचे आरे यांच्यात मला पुरेशी जागा दिसली नाही, म्हणून पातळ स्पेसर (चाक थोडे बाहेर सरकवणारी चकती) आणि त्यासोबत लांब बोल्ट घ्यावे लागले. बीएमडब्ल्यूच्या चाकाला नट नसून बोल्ट असतात, त्यामुळे स्पेसर घातला आणि बोल्ट तेच जुने ठेवले तर त्यांचे आटे पुरेसे गुंतत नाहीत. याबाबतीत काटकसर करू नये.

बसवण्याचे काम त्या वेळी मी स्वतः केले नाही, एका गॅरेजकडे दिले. गाडी हातात आली तेव्हा सगळे नीटनेटके दिसत होते. पहिल्या दिवशी ट्रॅकवर पेडल उत्तम होते, पण संध्याकाळी तापमानाचे रंग पाहिले तर अपेक्षेइतका फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी चाक काढून मी टॉर्चच्या उजेडात डिस्कच्या कडेतून आत पाहिले आणि डाव्या-उजव्या डिस्कची अदलाबदल झाली आहे हे लक्षात आले. मेकॅनिकने पृष्ठभागावरच्या खाचांची दिशा पाहून डिस्क बसवल्या होत्या. खाचांच्या दिशेला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते आतल्या पात्यांना. गाडीवर बसलेल्या डिस्कचा वरचा भाग पाहिला, तर पात्या आतून बाहेर जाताना गाडीच्या मागच्या बाजूला झुकलेल्या दिसल्या पाहिजेत. तरच फिरणारी डिस्क पंपासारखी हवा बाहेर फेकते. उलट्या बसल्या तर हवेचा प्रवाह कमी होतो आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच मिळत नाही. गॅरेजने चूक मान्य करून काम पुन्हा करून दिले, पण ती मला सापडली नसती, तर मी हा संच निकामी ठरवला असता. कोणाकडूनही काम करून घ्या, पण हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

नवे पॅड आणि नवी डिस्क यांची ओळख करून देण्याचा विधीही टाळू नये. ताशी शंभर किलोमीटरवरून पंधरा-वीसपर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा लागोपाठ जोरात ब्रेक लावायचा आणि मग ब्रेकला हात न लावता दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून ते निवू द्यायचे. यात पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो आणि पुढची सगळी पकड त्या थरावर अवलंबून असते. तापलेल्या ब्रेकवर सिग्नलला पाय दाबून उभे राहिलात, तर तेवढ्याच जागी जाड थर बसतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. मग लोक ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणून नवी घेतात. बहुतेक वेळा डिस्क सरळच असते, थर असमान बसलेला असतो.

आता प्रत्यक्ष अनुभवाविषयी. पहिल्या ब्रेकला, म्हणजे गार टायरवर गार डिस्क असताना, मूळ ब्रेक आणि हा संच यांच्यात मला थांबण्याच्या अंतराचा काहीही फरक जाणवला नाही, आणि जाणवायलाही नको होता. फरक आहे तो पेडलच्या स्वभावात. मूळ कॅलिपरमध्ये पेडल आधी थोडे खाली जाते, मग सरकता भाग जागेवर येतो, मग जोर वाढतो. स्थिर कॅलिपरमध्ये ही मधली पायरीच नाही. पाय टेकला की जोर सुरू होतो आणि त्यानंतर पेडल फारसे हलत नाही. वाढत जातो तो फक्त दाब. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जाणे हे ट्रॅकवरचे अवघड कौशल्य आहे, आणि ते मला या संचावर जितके जमले तितके पूर्वी कधी जमले नव्हते. वॉटकिन्स ग्लेनच्या बुटाच्या आकाराच्या भागात उतारावर ब्रेक लावत वळायचे असते. तिथे पायाच्या अंगठ्याने दाब थोडा कमी करावा आणि गाडीचे नाक तेवढेच वळावे, हा अनुभव मला फार मोलाचा वाटतो.

खरा फरक सत्राच्या शेवटी कळतो. विसाव्या मिनिटाला पेडल पहिल्या मिनिटाला होते त्याच उंचीवर आणि तितकेच घट्ट असते. मूळ ब्रेकवर, सगळे उपाय केल्यानंतरही, शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत मी बस स्टॉपच्या आधी नकळत लवकर ब्रेक लावू लागायचे, डाव्या पायाने पेडल हळूच चाचपून पाहायचे, आणि त्या चाचपण्यात माझे लक्ष पुढच्या वळणावरून उडायचे. आता ते थांबले आहे. शंभर मीटरच्या पाटीपासून जिथे पहिल्या फेरीत ब्रेक लावते, तिथेच शेवटच्या फेरीतही लावते. तापमानाच्या रंगांचेही म्हणणे तेच आहे : हिरवा जातो, नारिंगी अर्धवट बदलतो, लालला धक्का लागत नाही. पॅडचा एक जोड आता सहा ते सात दिवस टिकतो आणि दोन्ही टोकांना जवळपास सारखा झिजतो. पॅड बदलायला चाक काढून पाच-दहा मिनिटे पुरतात, कारण कॅलिपर उतरवावा लागत नाही. ट्रॅकवर सकाळी दव आणि हातात गारठा असताना या सोयीचे महत्त्व कळते.

मागे मी मूळ कॅलिपर ठेवून फक्त पॅड बदलले आहेत, आणि तोल बिघडल्याचे मला कधी जाणवलेले नाही. मागचेही चार पिस्टनचे कॅलिपर घ्यावेत का असे मला अनेकांनी विचारले. मागच्या डिस्कवर माझ्या वापरात हिरवा रंगसुद्धा पूर्ण जात नाही, मग तो खर्च कशासाठी करायचा?

रस्त्यावरच्या वापराविषयी थोडक्यात सांगते. रस्त्याचे पॅड असताना हा संच शांत आहे. ट्रॅकचे पॅड लावून रस्त्यावर आले की कोणत्याही कॅलिपरवर कर्कश आवाज येतो आणि धातूची काळी भुकटी चाकावर बसते. ती पावसात भिजली तर गंजून चाकाच्या रंगात रुतते. म्हणून घरी परतण्याआधी पॅड बदलावेत, किंवा घरी पोहोचताच चाके धुवावीत. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ॲल्युमिनियमचे कॅलिपर, दोन तुकड्यांची डिस्क आणि मीठ यांचे जमत नाही. माझी गाडी डिसेंबर ते मार्च झाकलेली असते. बारा महिने रोज गाडी चालवणाऱ्याने याचा विचार करावा.

पुढचा संच, स्पेसर आणि बोल्ट, ऑइल आणि मजुरी मिळून मला सुमारे साडेतीन हजार डॉलर खर्च आला. वर्षाला सहा-सात दिवस ट्रॅकवर काढणाऱ्या चालकाला हा खर्च डिस्क आणि पॅडच्या बचतीतून काही प्रमाणात परत मिळतो; त्याहून कमी जाणाऱ्याला मिळत नाही. भारतात कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर स्वतःची वेगवान गाडी नेणाऱ्या मराठी मित्रांना माझे सांगणे हेच असते की आधी ऑइल, मग पॅड, मग हवेची नळी, आणि त्यानंतरही डिस्क पुरत नसेल तरच कॅलिपर. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत ठेवलेल्या गाडीचे ब्रेक ऑइल तर पावसाळा संपताच बदलावे आणि उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नये.

चौथ्या हंगामाच्या शेवटी दोन्ही कड्या मापून पाहिल्या. उजवी अजून एक हंगाम सहज काढील. डावीवर एक भेग कडेपासून बोटभर अंतरावर आली आहे. कड्या जोडीनेच बदलायच्या असतात, त्यामुळे दोन्ही नव्या मागवल्या आहेत. वाट्या, कॅलिपर आणि नळ्या त्याच राहतील. मार्चमध्ये त्या मी स्वतःच बसवणार आहे, आणि बोल्ट घट्ट करण्याआधी पात्यांची दिशा पाहणार आहे.